अकरा किलोंचा स्पिट्झ आणि त्याच्या हृदयाची तीन मोजमापे : एक प्रकरण अभ्यास

रुग्ण आणि प्रश्न

रुग्ण म्हणजे दहा वर्षांचा, नसबंदी केलेला नर स्पिट्झ, नाव सोन्या, वजन ११.४ किलो. घरचे त्याला पॉमेरियन म्हणत, आणि आपल्याकडे बहुतेक सगळेच तसे म्हणतात. परंतु खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा असतो आणि पुण्याच्या सोसायट्यांमधून फिरताना दिसणारा हा पांढरा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. हा भेद केवळ केसपेपरवरच्या नोंदीपुरता नाही. जातीच्या नावावरून काढलेला मिलिमीटरचा तक्ता या कुत्र्याला लावला तर त्याचे निरोगी हृदयसुद्धा अवाढव्य ठरेल.

तक्रार खोकल्याची होती. काही महिन्यांपासून घरात कोणी आले की, पट्टा ओढला गेला की आणि कधी कधी रात्री सोन्याला कोरडा, घशातून येणारा खोकला होत असे. लसीकरणाच्या वेळी त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकापाशी, सहापैकी चौथ्या दर्जाचा मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या जोडीने येणारा खरखरीत आवाज, ऐकू आला होता. लहान चणीच्या, वय झालेल्या कुत्र्यात या जागी एवढा मर्मर ऐकू आला तर सर्वांत आधी मनात येते ती मायट्रल झडपेची झीज. या आजारात डावे अलिंद (वरचा कप्पा) आणि डावे निलय (खालचा कप्पा) यांच्यामधली ही झडप जाड व गाठाळ होते, तिच्या पाकळ्या नीट मिटत नाहीत आणि निलय आकुंचन पावताना काही रक्त महाधमनीकडे जाण्याऐवजी मागे अलिंदात शिरते. कुत्र्यांमध्ये जन्मानंतर उद्भवणाऱ्या हृदयविकारांपैकी हा सर्वांत जास्त आढळणारा विकार आहे. अनेक कुत्री हा आजार घेऊन वर्षानुवर्षे सुखाने जगतात, काहींचे हृदय मात्र हळूहळू मोठे होत जाते आणि शेवटी फुप्फुसात पाणी होते.

सोन्या आमच्याकडे आला तो दोन रिपोर्ट घेऊन. पहिल्या ठिकाणी केलेल्या टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात डावे अलिंद २३ मिमी, महाधमनी १७ मिमी, म्हणजे गुणोत्तर १.३५, आणि डाव्या निलयाचा शिथिलनाच्या शेवटचा आतला व्यास ३१ मिमी असे आकडे होते. निष्कर्ष होता, 'हृदयाचा आकार सामान्य'. साधारण पंधरवड्याने दुसऱ्या दवाखान्यात झालेल्या तपासणीत अलिंद ३१ मिमी, महाधमनी १५ मिमी, गुणोत्तर २.०७, निलय ३६ मिमी असे आकडे आले. निष्कर्ष होता, 'हृदय बरेच मोठे, फेल्युअरची सुरुवात', आणि लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड दिवसातून दोनदा सुरू झाले होते.

सोन्याचे मालक चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन त्यांची हयात गेलेली. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, "डॉक्टर, पंधरा दिवसांत आठ मिलिमीटर वाढ होत नाही, एवढं मला कळतं. मग यांनी दोघांनी मोजलं काय?"

या प्रकरणातला खरा प्रश्न हाच होता. औषध कोणते द्यायचे हा प्रश्न त्याच्या पुढचा.

मिलिमीटरवर एवढे काय अडले आहे

मायट्रल झडपेच्या आजाराची वर्गवारी अमेरिकन पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २००९ मध्ये मांडली आणि २०१९ मध्ये सुधारली. तिच्यात मर्मर आहे पण लक्षणे नाहीत अशा कुत्र्यांचे दोन गट आहेत : हृदय वाढलेले नाही किंवा पुरेसे वाढलेले नाही ती बी-१, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे वाढलेले आहे ती बी-२. बी-१ला औषध नाही, फक्त अधूनमधून तपासणी; बी-२ला पिमोबेंडन हे हृदयाच्या आकुंचनाला बळ देणारे औषध सुरू करण्याची शिफारस आहे. ही शिफारस ज्या मोठ्या चाचणीवर उभी आहे ती 'एपिक' या नावाने ओळखली जाते. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ३६० कुत्री घेतली होती. पिमोबेंडन मिळालेल्या कुत्र्यांमध्ये हृदय निकामी होणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे या टप्प्यापर्यंतचा मध्यक काळ १२२८ दिवस होता, तर निष्क्रिय गोळी मिळालेल्यांमध्ये ७६६ दिवस. पंधरा महिन्यांचा हा फरक एवढा ठळक होता की मधल्या टप्प्यावरचे विश्लेषण पाहून चाचणी आधीच थांबवण्यात आली.

परंतु या चाचणीत मर्मर असलेली कुत्री सरसकट घेतलेली नव्हती. वय सहा किंवा अधिक, वजन ४.१ ते १५ किलो, मर्मर किमान तिसऱ्या दर्जाचा, अलिंद आणि महाधमनी यांचे गुणोत्तर १.६ किंवा अधिक, वजनाशी जुळवलेला निलयाचा व्यास १.७ किंवा अधिक आणि एक्स-रेवर मणक्यांच्या मापाने हृदयाचा आकार १०.५हून जास्त, अशा सगळ्या अटी एकत्र पुऱ्या करणाऱ्या कुत्र्यांनाच प्रवेश होता. बी-२ची व्याख्याही याच अटींवर बेतलेली आहे. म्हणजे पहिल्या रिपोर्टाप्रमाणे सोन्याला काहीच द्यायचे नव्हते, दुसऱ्याप्रमाणे तो बी-२च्याही पुढे गेलेला होता, आणि दोन्हींमधले अंतर होते दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे.

आधी फुप्फुस, मग हृदय

तिसऱ्यांदा मोजण्यापूर्वी एक गोष्ट निकालात काढणे आवश्यक होते. फ्युरोसेमाइडने शरीरातले पाणी कमी होते, हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते आणि अलिंद व निलय दोन्ही तात्पुरते आकसतात. त्यामुळे हे औषध चालू असताना घेतलेले माप हे औषधासहितचे माप असते. उलट, फुप्फुसात खरोखरच पाणी असेल तर ते औषध थांबवणे जिवावर बेतू शकते. म्हणून प्रथम छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसे स्वच्छ होती, फुप्फुसांतल्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. मानेतून छातीत शिरतानाच्या भागात श्वासनलिका वरून खाली चपटी झालेली दिसत होती, जी या चणीच्या कुत्र्यांत वारंवार दिसते, आणि डावी मुख्य श्वासवाहिनी वाढलेल्या अलिंदाने किंचित वर उचलली गेली होती. खोकल्याला ही दोन कारणे पुरेशी होती. मर्मर आहे आणि खोकला आहे म्हणून हृदय निकामी झाले, हे समीकरण अजूनही फार सहज मांडले जाते आणि त्यापायी कितीतरी कुत्र्यांची मूत्रपिंडे विनाकारण लघवीच्या औषधाखाली जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्युरोसेमाइड थांबवले आणि मालकांना सोन्या गाढ झोपेत असताना त्याचा श्वास मिनिटभर मोजून रोज वहीत लिहायला सांगितले. झोपेत मिनिटाला ३०च्या आत श्वास असणे हे फुप्फुसात पाणी नसल्याचे घरच्या घरी मिळणारे बरेच भरवशाचे लक्षण आहे. वहीतले सगळे आकडे १८ ते २२ यांच्या दरम्यान होते. वही चौकोनी खान्यांची होती आणि प्रत्येक नोंदीपुढे खोलीचे तापमानही होते, जे आम्ही मागितले नव्हते. आठवड्यानंतर इकोची वेळ ठरली.

मोजमाप

इकोचे टेबल मधोमध कापलेले असते. कुत्र्याला उजव्या कुशीवर झोपवतात, छातीचा उजवा भाग त्या भोकावर येतो आणि प्रोब खालून लावला जातो. त्यामुळे हृदय आपल्या वजनाने छातीच्या भिंतीला टेकते, फुप्फुस बाजूला सरते आणि चित्र स्वच्छ मिळते. स्पिट्झच्या दाट केसांत हवा अडकून राहते आणि ध्वनिलहरी हवेत हरवतात, म्हणून कोपरामागचा तळहाताएवढा पट्टा मशीनने भादरला, स्पिरिट व जेल लावले. पायांना ईसीजीच्या क्लिपा लावल्या. मालकांनी पुढचे पाय धरले होते. सोन्या प्रथम धापा टाकत होता, म्हणून दिवे मंद करून तो शांत होईपर्यंत थांबलो. धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या हृदयाचे माप घेऊ नये. त्या चित्रात फुप्फुस दर श्वासाला पडद्यासारखे मध्ये येते आणि मापणारा जे दिसेल ते मोजून मोकळा होतो.

अलिंदाचे माप आडव्या छेदात, महाधमनीच्या मुळाशी घेतात. तेथे एकाच चित्रात मध्यभागी महाधमनी आणि तिच्या शेजारी डावे अलिंद दिसते. गेल्या दोन दशकांत रूढ झालेली पद्धत अशी : निलयाने रक्त बाहेर टाकल्यानंतर महाधमनीची झडप मिटलेली प्रथम ज्या फ्रेममध्ये दिसते, तीच फ्रेम थांबवायची, महाधमनीचा व्यास झडपेच्या दोन पाकळ्यांमधल्या मिटलेल्या रेषेला धरून घ्यायचा, आणि अलिंदासाठी त्याच झडपेची अलिंदाकडची दुसरी मिटलेली रेषा पुढे वाढवून अलिंद ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत न्यायची. फ्रेम निवडण्याला महत्त्व आहे, कारण अलिंदाचा आकार एका ठोक्यातही बदलतो : मायट्रल झडप उघडण्याच्या बेतात असताना ते सर्वांत मोठे असते आणि स्वतः आकुंचन पावल्यावर सर्वांत लहान. मिनिटाला १२० ठोके पडणाऱ्या कुत्र्याचा एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. मशीन सेकंदाला ३० चित्रे देत असेल तर एका ठोक्याला केवळ १५ फ्रेम मिळतात आणि हवी ती फ्रेम दोन चित्रांच्या मध्ये निसटू शकते. पोटाच्या सोनोग्राफीचा रुंद प्रोब घेऊन हृदय पाहण्यात अडचण असते ती हीच.

पहिल्या रिपोर्टातले २३ मिमी कसे आले ते त्याच्यासोबतच्या छापील चित्रावरून कळले. ते माप एम-मोडचे होते. एम-मोडमध्ये चित्रातून एकच सरळ रेषा काढून त्या रेषेवर काळानुसार काय हलते ते पाहतात. निलयासाठी ही पद्धत उत्तम आहे, परंतु कुत्र्यामध्ये महाधमनीतून जाणारी ही रेषा बहुधा अलिंदाच्या मुख्य पोकळीतून न जाता त्याच्या कडेच्या कर्णकातून, म्हणजे कानाच्या आकाराच्या छोट्या पिशवीतून, जाते. मोठे झालेले अलिंद तिच्यावर मोठे दिसतच नाही. शिवाय मशीनमध्ये माणसांसाठीचा संच चालू होता. माणसाचे अलिंद चाळीस मिमीपर्यंत सामान्य मानले जाते, त्यामुळे २३ या आकड्यापुढे यंत्राने आपसूकच 'सामान्य' छापले होते.

दुसऱ्या रिपोर्टातल्या चित्रात छेद योग्य होता, परंतु कॅलिपरचा (पडद्यावर माप घेण्याच्या खुणांचा) दुसरा बिंदू अलिंदाच्या भिंतीवर नव्हता. अलिंदाला मागून फुप्फुसशिरा येऊन मिळतात आणि त्या मिळतात तेथे भिंत दिसत नाही, नुसता काळा अवकाश पुढे चालू राहतो. बिंदू त्या शिरेच्या आत जाऊन पडला होता. शिरेचे तोंड वगळून, अलिंदाची कड जेथे असायला हवी ती रेषा मनाने पुरी करून तेथे थांबणे, हे सरावाने येते आणि दमलेल्या संध्याकाळी सरावलेल्यालाही चकवते.

आम्ही लागोपाठच्या पाच ठोक्यांवर माप घेऊन सरासरी काढली. कुत्र्यांमध्ये श्वासाबरोबर ठोक्यांचे अंतर कमी-जास्त होणे नैसर्गिक आहे, आणि लांब विश्रांतीनंतरच्या ठोक्यात निलय अधिक भरलेले असते. म्हणून मनाला आवडलेला एखादा सुरेख ठोका उचलणे योग्य नव्हे. अलिंद २६.८ मिमी, महाधमनी १५.८ मिमी, गुणोत्तर १.७०.

मालकांनी लगेच विचारले, "आणि एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर?" मग कागदावरच करून पाहिले. अलिंद एक मिमी जास्त धरले तर गुणोत्तर १.७६ होते. महाधमनी एक मिमी जास्त धरली तर मात्र १.६० सुद्धा भरत नाही, १.५९५ येते. भागाकारात खालची लहान संख्या चुकली की गुणोत्तर अधिक हलते. म्हणून अलिंदाकडे टक लावून बसणाऱ्याने महाधमनीचे माप तितक्याच, किंबहुना अधिक, काटेकोरपणे घ्यायला हवे. तिन्ही रिपोर्टांत महाधमनी १५ ते १७ मिमी अशी वेगवेगळी आली होती, याकडे आधी कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

निलयाचा व्यास आणि वजनाचे कोडे

डाव्या निलयाचे माप आडव्या छेदात, मायट्रल झडपेच्या जरा खाली, झडपेच्या दोऱ्या धरून ठेवणारे दोन्ही पॅपिलरी स्नायू सारखे दिसतील अशा पातळीवर रेषा टाकून एम-मोडने घेतले. ईसीजीवर क्यूआरएसची, म्हणजे निलयाच्या आकुंचनाआधीच्या उंच लाटेची, सुरुवात होते त्या क्षणीचा, म्हणजे शिथिलनाच्या शेवटचा, आतला व्यास ३४.० मिमी आला आणि आकुंचनाच्या शेवटचा १९.५ मिमी. दुसऱ्या रिपोर्टातला ३६चा आकडा तिरक्या छेदाचा होता. त्या चित्रात निलय गोल न दिसता लंबगोल दिसत होते, आणि गोल नळी तिरकी कापली की तिचा छेद लांबट येणारच. ३४ वरून १९.५ म्हणजे आखडण्याचे प्रमाण ४३ टक्के. हा आकडा पाहून हृदय जोरदार आहे असे वाटते, परंतु झडप गळत असताना निलयाला अर्धे रक्त मागच्या कमी दाबाच्या अलिंदात ढकलायची सोय असते, त्यामुळे हे प्रमाण चांगले दिसणे या आजारात फारसे काही सांगत नाही.

३४ मिमी मोठा की लहान, हे वजनाशिवाय सांगता येत नाही. कुत्र्यांच्या जातींमध्ये वजनाचा पल्ला एवढा विस्तृत आहे की सरळ भागाकार उपयोगी पडत नाही. घनफळ वजनाच्या प्रमाणात वाढते, लांबी किंवा व्यास मात्र वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात. सुमारे पाचशे निरोगी कुत्र्यांच्या मापांवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निलयाच्या व्यासासाठी हा घातांक ०.२९४ निघाला, म्हणजे एक तृतीयांशाच्या थोडा खाली. म्हणून सेंटीमीटरमधला व्यास भागिले किलोमधल्या वजनाचा ०.२९४वा घात, असे सूत्र वापरतात. वजन दसपट झाले तर व्यास जेमतेम दुप्पट व्हावा, असा त्याचा अर्थ.

आता सोन्याचे वजन घ्या. काट्यावर ते ११.४ किलो होते. परंतु त्याच्या बरगड्या हाताला लागत नव्हत्या, कंबर नाहीशी झाली होती आणि शेपटीच्या मुळाशी चरबीची गादी होती. नऊपैकी आठ एवढा त्याचा शरीरस्थितीचा गुणांक होता. दोन वर्षांपूर्वीच्या लसीकरण कार्डावर त्याचे वजन ९ किलो लिहिलेले होते आणि तेच त्याचे योग्य वजन असावे असे शरीराच्या ठेवणीवरून दिसत होते.

११.४ किलो धरले तर ३.४ भागिले २.०४५, म्हणजे १.६६, मर्यादेच्या आत. ९ किलो धरले तर ३.४ भागिले १.९०८, म्हणजे १.७८, मर्यादेच्या बाहेर. हृदय तेच, फ्रेम तीच, मिलिमीटर तेच. दुसऱ्या रिपोर्टात कार्डावरचे जुने ९ किलोच वापरून १.८९ हा आकडा काढलेला होता, म्हणजे वजनाची नोंद जुनी, पण भाजक नकळत बहुधा योग्य, आणि व्यास मात्र चुकीचा.

कोणते वजन धरावे? ज्या कुत्र्यांवरून सूत्र तयार झाले त्यांची वजने काट्यावरचीच होती, आणि १.७ ही मर्यादाही काट्यावरच्या वजनानेच वापरली गेली, हा एक पक्ष आहे आणि तो हलका नाही. दुसरा पक्ष असा की हृदयाचा आकार मुख्यतः सांगाडा, स्नायू आणि अवयव यांच्या गरजेने ठरतो. अडीच किलो चरबी साठली म्हणून निलयाने त्याच सूत्राने मोठे व्हावे अशी अपेक्षा करता येत नाही, आणि फुगलेला भाजक वाढलेले हृदय झाकून टाकतो. लठ्ठ कुत्र्यात मी दोन्ही आकडे काढून दोन्ही लिहितो आणि निर्णय घेताना दुसऱ्याला झुकते माप देतो. याला मतभेदाची जागा आहे, हे मान्य.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. त्याच २००४च्या अभ्यासाप्रमाणे निरोगी कुत्र्यांमध्ये हा आकडा १.२७ ते १.८५ पर्यंत असू शकतो. म्हणजे बी-२ची १.७ ही रेषा निरोगी मर्यादेच्या आतच पडते! मर्मर नसलेल्या, धावपळ करणाऱ्या एखाद्या सडपातळ कुत्र्यात १.७५ आले तर त्याला आजारी ठरवता येणार नाही. १.७ ही आजाराची रेषा नव्हे, तर झडप गळते आहे आणि अलिंद वाढले आहे हे आधीच माहीत असलेल्या कुत्र्यात औषध सुरू करण्याच्या इतर अटींबरोबर वाचायची रेषा आहे. रिपोर्टावर नुसता हा आकडा छापून पुढे लाल खूण करणारे सॉफ्टवेअर हा संदर्भ गाळून टाकते.

एक्स-रे काय सांगत होता

मणक्यांच्या मापाची पद्धत १९९५ची. कुशीवरच्या एक्स-रेवर हृदयाची लांबी आणि तिला काटकोनात असलेली रुंदी घ्यायची, दोन्ही अंतरे छातीच्या चौथ्या मणक्याच्या पुढच्या कडेपासून मणक्यांवर ठेवायची आणि किती मणके भरले ते मोजून बेरीज करायची. निरोगी कुत्र्यांची सरासरी ९.७ आली होती, पण बॉक्सर, पग, बुलडॉग यांसारख्या जातींत ती मुळातच जास्त असते. सोन्याची लांबी ५.९ आणि रुंदी ५.२, एकूण ११.१. आकडा १०.५च्या बराच वर होता. तरीही लठ्ठ कुत्र्यात हृदयाभोवतीची चरबी एक्स-रेवर हृदयाच्या सावलीतच मिसळते, म्हणून मी त्याला एकट्याला फारसे वजन दिले नाही. इकोची सोय नसेल अशा ठिकाणी ११.५ किंवा अधिक आकडा आला तरच केवळ एक्स-रेवरून निर्णय घ्यावा, असे मार्गदर्शन आहे, आणि सोन्या त्याखाली होता.

निर्णय

चार अटींपैकी मर्मर आणि अलिंदाचे गुणोत्तर निर्विवाद पुरे होत होते. एक्स-रेची अट पुरी होत होती, पण तिच्यात चरबीचा वाटा होता. निलयाची अट एका भाजकाने पुरी होत होती, एकाने नव्हती. काटेकोर वाचायचे तर तीन महिने थांबून पुन्हा मोजणे हाही सयुक्तिक मार्ग होता आणि तो मालकांपुढे ठेवला. परंतु अलिंद वाढलेले असताना निलयाबाबतची शंका केवळ लठ्ठपणामुळे उरली होती, आणि औषध काही महिने आधी सुरू करण्याचा धोका ते उशिरा सुरू करण्याच्या धोक्यापेक्षा कमी वाटला. बी-२ धरून पिमोबेंडन सुरू केले : २.५ मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या तासभर आधी. ही मात्रा ११.४ किलोंवर दिवसाला ०.४४ आणि ९ किलोंवर ०.५६ मिग्रॅ प्रतिकिलो पडते, शिफारस ०.४ ते ०.६ची आहे, त्यामुळे येथे तरी वजनाचा वाद नव्हता. फ्युरोसेमाइड बंदच ठेवले. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस दिला, आणि भाकरी, दूध व संध्याकाळची बिस्किटे यांचा हिशेब मांडून आहार ठरवला.

बिस्किटांवरून घरात थोडे राजकारण झाले, असे नंतर कळले.

सहा महिन्यांनंतर

सोन्याचे वजन ९.८ किलोंवर आले होते. खोकला अगदी कमी झाला होता, ज्याचे श्रेय मी औषधापेक्षा हार्नेसला आणि उतरलेल्या वजनाला देतो. त्याच टेबलावर, त्याच पद्धतीने, पाच ठोक्यांच्या सरासरीने अलिंद २५.६ मिमी, महाधमनी १५.८ मिमी, गुणोत्तर १.६२ आणि निलय ३३.० मिमी अशी मापे आली.

काट्यावरच्या वजनाने निलयाचा आकडा आता १.६९ झाला होता. आधी १.६६ होता. नुसता हा स्तंभ वाचणाऱ्याला हृदय वाढल्याचे दिसले असते आणि औषध लागू पडत नाही असा निष्कर्षही निघाला असता. प्रत्यक्षात व्यास ३४ वरून ३३वर आलेला होता. कमी झाले होते ते वजन. ९ किलोंचा भाजक कायम ठेवला तर १.७८ वरून १.७३, म्हणजे दिशाच उलटी. तेव्हापासून आमच्या रिपोर्टात कच्चे मिलिमीटर पहिल्या ओळीत आणि गुणोत्तरे त्यांच्या खाली असतात, व वजनाच्या शेजारी शरीरस्थितीचा गुणांक असतो.

मालक खूश झाले आणि हृदय लहान झाले का, असे त्यांनी विचारले. एक मिलिमीटरचा फरक हा एकाच माणसाने एकाच कुत्र्याचे दोनदा माप घेतल्यावरही पडू शकणारा फरक आहे; वाढले नाही एवढे खात्रीने म्हणता येते, लहान झाले असे नाही. एपिक चाचणीत औषध सुरू केल्यानंतर पहिल्या पाच आठवड्यांतच अलिंद आणि निलय दोन्ही लहान झाल्याची नोंद आहे, म्हणून ते घडले असेल ही शक्यता चांगली आहे. "म्हणजे टॉलरन्सच्या आत," ते म्हणाले, आणि विषय संपला.

त्यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक होता. गुणोत्तर आणखी उतरून १.६च्या खाली आले तर कुत्रा पुन्हा बी-१ होतो का, आणि औषध थांबवायचे का? थांबवायचे नाही. झडपेची झीज मागे फिरत नाही. औषधाखाली लहान झालेले हृदय हे औषधाचेच काम असते, आणि बी-१ व बी-२ची सीमा औषध सुरू नसलेल्या कुत्र्यासाठी आखलेली आहे. दुसऱ्या गावी गेल्यावर कोणी नवे माप घेऊन 'आकार सामान्य, औषध बंद' असे सांगण्याची शक्यता असते, म्हणून पिमोबेंडन कधीपासून चालू आहे आणि सुरू करण्यापूर्वीची मापे काय होती, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिले.

वर्षानंतरच्या तपासणीत वजन ९.२ किलो होते आणि बरगड्या हाताला सहज लागत होत्या. अलिंद २५.९, महाधमनी १५.९, गुणोत्तर १.६३, निलय ३३.४. काट्यावरच्या वजनाने १.७४, ठरवलेल्या ९ किलोंनी १.७५. दोन्ही भाजक एकमेकांजवळ आल्याने सुरुवातीचा वाद आपोआप संपला, आणि चरबीखाली झाकलेला निलय खरोखरच १.७च्या पलीकडचा होता हे दिसून आले. नव्या एक्स-रेवर मणक्यांचे माप १०.८ होते. झोपेतला श्वास वहीत २०च्या आसपास. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन सामान्य. औषधे तीच ठेवली आहेत. श्वास लागोपाठ दोन रात्री ३०च्या वर गेला तर लगेच आणि एरवी सहा महिन्यांनी यायचे आहे, आणि येताना जुन्या तिन्ही रिपोर्टांची छापील चित्रेही आणायची आहेत.